निरुपद्रवी

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

बरा असशील. इकडे थंडी लवकर आली. चष्म्याच्या काचा घासताना बोटं आखडतात, असं दुकानाचे मालक सांगत होते. मी स्वतः महिनाभर दुकानात गेलेले नाही. यांचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त हे कुरकुरतात. पोरीने केस कापून घेतले. अगदी तुझ्यासारखी दिसते, पण तिला सांगू नकोस.

खोकल्याचं औषध चालू आहे, असं तुला फोनवर म्हणाले होते. ते खरं नव्हतं. माझ्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला.

त्यात दोन गाठी होत्या. एक जुनी, तुला ठाऊक असलेली, निरुपद्रवी. तुझ्यातही तशीच सापडली तेव्हा तू म्हणाला होतास, "वाटणीत काही मिळालं नाही ताई, निदान हे तरी सारखं मिळालं." किती हसलो होतो.

दुसरी नवीन, तिच्यापासून बोटभर अंतरावर. ती कॅन्सरची.

मला वाटलं, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसणार. डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटलं होतं. तरी त्यांनी दोन्ही गाठींची जनुकं तपासायला पाठवली. दोन्हींत एकच बिघाड निघाला. मग रक्त तपासलं. त्यातही तोच. म्हणजे जन्मापासूनचा.

"जुनी गाठ बिघडून नवी झाली असं नाही," त्या म्हणाल्या. "ती होती तशीच आहे. पण दोघींचं मूळ एक दिसतं."

"सगळ्यांचं असंच होतं?"

"नाही. तुमचं झालं." त्यांनी पेनला टोपण लावलं. "तशीच गाठ असलेला तुमचा भाऊ काय करतो?"

पाणबुड्या आहे म्हटलं. गोदीत जहाजांची बुडं तपासतो.

त्यांनी टोपण परत काढलं आणि 'भावाच्या छातीची तपासणी' असं कागदावर लिहून तो माझ्याकडे सरकवला.

रविवारी फोनवर तुला सहज विचारल्यासारखं विचारलं, छातीची तपासणी कधी केलीस? "कशाला उकरून काढायचं? नवा डाग दिसला की कायमचा किनाऱ्यावर. मग तू पोसणार आहेस?" वर हेही ऐकवलंस, की दर वर्षी त्या निरुपद्रवी गाठीचा जुनाच अहवाल पुढे करून पाण्यात उतरायचा शिक्का मिळवतोस. मग खोकलास. बराच वेळ. "नाकात पाणी गेलंय," म्हणालास. तू तेव्हा घरात होतास. मागे टीव्ही चालू होता.

आता हे नीट वाच. तुझ्या मुकादमांना मी फोन केला. सगळं सांगितलं. नवी तपासणी झाल्याशिवाय ते तुला पाण्यात उतरू देणार नाहीत. पत्र हाती पडेल तेव्हा तुला हे कळलेलंच असेल. तुझ्या जागी दुसरा कोणी खाली गेला असेल.

मला शिव्या दे. फोन उचलू नकोस. तपासणीला मात्र जा, आणि एकटा जाऊ नकोस. मी एकटी गेले होते.

तुझी सख्खी,
ताई