मधून कापलेलं शेत

साउथ उइस्ट बेट
२४ ऑगस्ट

प्रिय उनाताई,

तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू करत मी टाळलं, हे कबूल. कामाचं निमित्त सांगितलं असतं, पण तू मला ओळखतेस. गाई ठीक आहेत. सीलचं एक गुबगुबीत पिल्लू रोज आपल्या खडकावर येऊन लोळतं, मी हाक मारली की नुसतं कूस बदलतं.

दाजींनी माझ्यासाठी बोटीवरची नोकरी ठरवली, त्याचं लिहितोच. आधी गवताचं ऐक.

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा इनव्हरनेसला काकांकडे गेले, तेव्हा बजावून गेले होते, यंदा गवत वेळेत आत आलं नाही तर गाई विकायच्या आणि जमीनही सोडायची. वर फोनवर म्हणाले, "कडेनं सुरू कर आणि गोल गोल आत ये. आजोबांपासून तसंच चालत आलंय. नवं शहाणपण नको."

पण ताई, यंदा आपल्या गवतात खरखऱ्या पक्षी होता. तोच, रात्रभर कंगव्यावर नख ओढल्यासारखा ओरडणारा, ज्याच्यापायी तू कानांवर उशी घ्यायचीस. कडेनं आत कापत आलं की पिल्लं मधल्या उभ्या गवतात लपत जातात. शेवटच्या फेरीनंतर बाबा काय उचलून बाहेर टाकायचे, ते आपण दोघांनी पाहिलंय.

मी ट्रॅक्टर थेट मधोमध नेला आणि आतून बाहेर कापत निघालो. अगदी हळू. शेजारची ओरिककाकू कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"तोर्मद, गवत कापतोयस की त्याची दाढी करतोयस? ऊन काही तुझ्यासाठी थांबायचं नाही."

मी वेग वाढवला नाही. मग कडेच्या गवतातून मादी बाहेर आली, मान ताठ करून. मागे कोळशासारखी काळी पिल्लं. वाट ओलांडून सगळी आयरिसच्या उंच फुलझाडांच्या दाटीत घुसली. गवत वाळल्यावर गोळा करायला न बोलावता काकूच हजर. शेवटची गाडी आत घेतली तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले होते.

आता नोकरी. बोट सोमवारी सुटली, ताई. मी गेलो नाही. दाजींची माफी माग माझ्या वतीनं. आजवर धरलेलं प्रत्येक काम मी अर्ध्यावर टाकलं. हे मात्र मधून सुरू करून पार कडेपर्यंत नेलंय, आणि कोठार भरलंय. मला इथेच राहायचंय. बाबांना फक्त 'गवत आत आलं' एवढंच सांगितलंय. कसं कापलं ते सांगायचा धीर झालेला नाही.

थांब, फाटकाशी कुणाची तरी गाडी आलीय.

बाबा आलेत. न कळवता, काठी टेकत. घराकडे वळलेच नाहीत, सरळ शेताशी गेले. मधून बाहेर आलेल्या चाकांच्या खुणा बघत कधीचे उभे होते. आता चालायला लागलेत. पिल्लं जिथे दडतात त्या आयरिसमधून जवळची वाट आहे, पण ती सोडून, त्या पायानं, ते सगळा वळसा घालून येताहेत.

इथलाच,
तोर्मद