सिमेंटाची एक भिंत

१२ मार्च, बुधवार
भिंतीला सिमेंट लावायचं न्हाई म्हणे. हे आधी लिहिलं, श्री मागनं लिहिते.
श्री.
नात संयोगिता पुण्यात आर्किटेक्ट झाली आन् आमच्या नव्या घराचा नकाशा घेऊन मेढ्याला आली. मातीच्या भिंती, वर कौलं. किल्ल्याखालचं जुनं गाव हाय, घर गावावाणी दिसाय पायजे, आन् सस्टेनेबल पायजे म्हणे. मी इचारलं, ते काय असतं. म्हणाली, आजी, तुमी पूर्वी राहायचा तसं. मग पाच वर्षं कॉलेज कशाला, मला इचारायचं.
चाळीस वर्षं स्लॅबची वाट बघितली. शेजारच्या चंद्राबाईचा स्लॅब कवाच झाला, उन्हाळ्यात भाजून निघते, पण ताठ्यात चालते.
ठरलं. माझ्या खोलीला सिमेंटच. ह्या घरात माझा शब्द मोडायची कुणाची छाती न्हाई.

१३ मार्च
मोडला.

२० मार्च, गुरुवार
माती भिजवलीय. त्यात भाताचं काड, शेण. संयोगिता सोता पायानं तुडवते आन् हसते. तिला गंमत वाटते. मी लग्न होऊन आले तवापासनं दर सणाला भिंती लिंपल्या, भुई सारवली. बोटांच्या चिरा कधी मिटल्या न्हाईत. मरायच्या आधी एक भिंत अशी पायजे, जिला हात लावावा लागणार न्हाई. एवढंच. पण तसं तिला सांगितलं न्हाई. सांगून मागायला मी काय पाव्हणी हाय?
ठरलं. नव्या घरात शेणाला बोट लावायचं न्हाई.

३ एप्रिल, गुरुवार
अर्जुना गवंड्याला बाजूला घेतलं. म्हणाला, आवं आक्का, मातीवर सिमेंट धरत न्हाई, भिंत आतल्या आत ओली ऱ्हाती. म्हटलं, तुझ्या बापाचं लग्न मी जमवलं, तू मला शिकवू नगंस. थापी धुवाय लागला. पटलं त्याला.

२२ एप्रिल, मंगळवार
संयोगिता चार दिवस पुण्याला. अर्जुनानं माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला आतनं-बाहेरनं जाळी ठोकली आन् सिमेंट मारलं. मी दिसातनं दोन येळा पाणी मारते. भिंत पाणी लय पिते. मजबूत हुतीय.

२५ एप्रिल, शुक्रवार
संयोगिता उद्या येणार. राखाडी रंग लांबनं डोळ्यात खुपतोय. मग मीच शेणमातीचा एक हात वरनं फिरवला, दोन्ही बाजूंनी. शब्द मोडला न्हाई. हे सारवण न्हवं, झाकण हाय.

२७ एप्रिल, रविवार
संयोगिता त्याच भिंतीवरनं हात फिरवत उभी राहिली. म्हणाली, आजी, बाकीच्या भिंती अशा जमल्या न्हाईत, तुझा हात तो तुझा हात. फोटो काढला. जुलैत कराडच्या कॉलेजातली पोरं घर बघायला येणार, त्यांना ही भिंत दाखवणार. तिचं हे पहिलंच घर. हे उभं राहिलं तर गावातली आणखी दोन घरं तिच्याकडं यायची हायत.
मला काय लाज वाटली न्हाई. फोटोत उभी राहिले न्हाई, ते लुगडं मळलं हुतं म्हणून.

३० जून, सोमवार
पंधरा दिस पाऊस. भिंतीला पोट सुटलंय. वाजवली तर ढब वाजते. दोष मातीचा, सिमेंट बिचारं काय करंल. वर जाळीचं टोक सुटलं हुतं, त्यालाच गोधडी अडकवली. चंद्राबाई म्हणाली, गोधडी भिंतीला व्हय गं? म्हटलं, पुण्यात असंच असतं, तुला न्हाई कळायचं.

१४ जुलै, सोमवार
अर्जुना फलटणला कामाला गेलाय, फोन उचलत न्हाई. संयोगिताला आज सांगणारच हुते, तर तिलाच कुणाचा फोन आला. उद्या नक्की.

१८ जुलै
उद्या नक्की.

२६ जुलै, शनिवार
कॉलेजची पोरं आली. संयोगिता म्हणाली, ही माझ्या आजीनं लिंपलेली भिंत, आन् गोधडी ओढली. जाळीसकट सगळा थर खाली आला, संगं निम्मी भिंत. भोकातनं चंद्राबाई दिसली. तिथंच उभी हुती, जणू तिला आवतान दिलं हुतं. कुणाला लागलं न्हाई.
संयोगितानं सिमेंटाचा तुकडा उचलला, मग माझ्या बोटांच्या चिरांकडं बघितलं. वरडली न्हाई. म्हणाली, आजी, हात लावायला नको अशी भिंत पायजे हुती, तर सांगायचं न्हाईस का? चुन्याचा गिलावा दिला असता, पंधरा वर्षं बघावं लागलं नसतं.
मग पोरांकडं वळून तिनं शिकवायला घेतलं.

३ ऑगस्ट, रविवार
चंद्राबाईनं गावभर केलं, मातीचं घर पडलं. ती दोन घरं आता स्लॅबची बांधणार. सिमेंटानं पाडलं हे कुणी सांगत न्हाई. मीबी न्हाई सांगितलं.
माझी खोली ताडपत्री लावून तशीच ठेवलीय. मातीवर सिमेंट मारलं तर काय हुतं ते बघाय दुसरं कॉलेज येणार हाय. माझी खाट सैपाकघरात. तिथली भुई मीच सारवते, बाकी कुणाला जमत न्हाई.
येणारा प्रत्येकजण इचारतो, हे कुणी केलं. मला कमी ऐकू येतं. अर्जुना फलटणवरनं आला की त्याला त्या भोकापाशी उभा करायचा. उत्तर त्यानं द्यायचं.