तान

अकोला, २१ एप्रिल २०२५

चि. पायलले मैना आत्याचा जय भीम अन् आशीर्वाद.

मी बरी हाय, तू बी राह्य. फोन केला का तू मीटिंगमंदी हाय म्हून ठेवून देते, म्हून लिवून राह्यली. कागद मधातच तोडता येत नाई. जयंतीच्या जेवनाले आली नाई तं तुहा बाप तोंड पाडून बसला होता. त्याच्याशी बोलून घे.

आता कामाचं. आमच्या दालमिलमंदी तुह्या हापिसातला पुन्याचा साहेब येऊन गेला. आमाले, दाळ निवडनाऱ्या बायायले, एकीएकीले इचारलं का कामावर तान किती, थोडी का लय. तो तान ‘वाटतो’ म्हने. पुन्याकडं तान बी बाप्या असते वाट्टे. दुपारी टिनाखाली कोनाले नाई लागत? साऱ्याजनीनं सांगलं, लय. मले वाटलं आता थंड पान्याची मशीन येते. तं आली एक बाई. जेवनाची सुट्टी कापून आमाले डोये मिटून बसवते, श्वास घ्या, सोडा म्हनते. काहून? श्वासानं घसा ओला होते का? माह्या बाजूची संध्या तं नुसती पेंगते.

तुहं शिक्षन याच्याचसाठी झालं का, सांग.

मायेत पानी घालू नको.
तुही आत्या, मैना

*

अमरावती, २८ एप्रिल २०२५

ती. आत्यास पायलचा सप्रेम जय भीम.

बाबांशी बोलले. तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही. ते प्रश्न मीच लिहिले होते, अहवालही माझाच. तुमच्या मिलमध्ये कामाचा ताण इतका जास्त निघाला की आमचे पुण्याचे सर म्हणाले असा आकडा त्यांनी पाहिला नाही. श्वासाचा उपाय मी मनाने काढला नाही, आत्या. कितीतरी कारखान्यांत तपासून पाहिलेला आहे. आमच्याकडे पुरावा असल्याशिवाय काही सांगत नाहीत. थोडा धीर धर. तुला धीर धर म्हणणं म्हणजे विस्तवाला थंड हो म्हणणं, ते माहीत आहे.

हा अहवाल तुमच्या मिलच्या शेठना पटला तर जूनमध्ये मी पर्मनंट होईन. तोवर मिलमध्ये माझी आत्या आहेस हे सांगू नकोस. आणि थंड पाण्याचं मधेच काय काढलंस?

रागावलीस तरी मनातून काढू नकोस.
तुझी पायल

*

अकोला, ६ मे २०२५

चि. पायलले जय भीम.

हसू आलं म्हनते. काल संध्या पडली. डोये मिटून बसलो होतो अन् ती हळूच कलंडली. ती बाई म्हने, छान, पूर्न सैल सोडा. आमाले वाटलं झोपली. मी हलवली तं आंग तव्यासारखं. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हने आंगात पानीच नाई, किडन्या सुजल्या.

शेठनं सांगलं आता तिनं येऊ नये. अमरावतीच्या कागदात लिवलं हाय म्हने का या बायायले तान सोसत नाई, अशीले कामावर ठेवून मीच फसीन. पायल, तान कोनाले सोसते? तुले सोसते? तिचा नवरा नाई, तिच्या घरी तिच्याच हातावर खातात. तूच लिवलं, तूच खोड.

मैना आत्या

*

अमरावती, १० मे २०२५

ती. आत्यास जय भीम.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग पहिलं काढून वाचलं. मी विचारला होता ताण, म्हणजे डोक्यावरचं ओझं, टेन्शन. तुम्ही ऐकली तान, तहान. ‘आजी, तान लागली’ म्हणत मोठी झालेली मी, हे विसरले. प्रश्नांचा तो कागद छापण्याआधी तुमच्यातल्या दोघीतिघींना वाचून दाखवायचा असतो, हे पुस्तकात पहिल्या धड्यात आहे. जगभरचा पुरावा गोळा केला आणि जिथे उपाय करायचा तिथल्या माणसांना काय ऐकू आलं ते पाहिलं नाही.

अहवाल चुकला असं मी शेठना लिहिलं. संध्याताईंबद्दल त्यातून काहीच ठरवता येत नाही, त्यांना परत घ्या, असंही. सर म्हणाले पाठवू नको, पर्मनंट होणं विसर. मी पाठवलं.

आता एक कर. टाकी भरलेली असते असं शेठ म्हणतात. मग बायका पाणी का पीत नाहीत? एकेकीला वेगळी गाठून विचार. तुझं उत्तर तिच्या तोंडात घालू नकोस. आत्या, गप्प बसून ऐक.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
पायल

*

अकोला, २२ मे २०२५

चि. पायलले जय भीम.

इचाराचं काय त्याच्यात, पानी गरम हाय म्हून पीत नाई, असंच मी लिवनार होती. पन तू गप्प बस म्हनली, बसली.

गरम पान्याचं एकीनं बी नाव घेतलं नाई. संडासाची चावी मुकादमाच्या, शेखरच्या, खिशात राह्यते. चावी मांगाले गेलं का तो साऱ्यायपुढं इचारते, आताच तं गेलती, आज काय हाय? म्हून बाया पीतच नाईत. पाळीच्या दिवसात तं घोट बी नाई. मी जाऊन सरळ हात पुढं करते, दे म्हनते, तो देते. मले लाज नाई, तं मले हे दिसलंच नाई इतकी वर्सं. संध्या रोज माह्याच बाजूले बसत होती.

शेठले तू लिव. मी सांगीन तं भांडन होईन.

आत्या

*

अकोला, १७ जून २०२५

चि. पायलले मैना आत्याचा जय भीम अन् लय आशीर्वाद.

चावी आता बायायच्या बाजूले खिळ्याले टांगली हाय. शेखर पाह्यते, बोलत नाई. श्वासवाली बाई बंद झाली, सुट्टी पुरी भेटते. तू लिवलं का बाया पानी प्यायले लागल्या ते चावीनं का ऊन उतरल्यानं, हे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पक्कं म्हनता येत नाई. तुले नोकरीत लटकवून ठेवलं तरी तुहं शहानपन जात नाई. बरं, पाहू उन्हाळ्यात. मी हायच इथं.

काल संध्या कामावर वापस आली. वाळली हाय. किडन्या आता पुऱ्या नाई चालनार म्हने. खिळ्यावरची चावी काढली, शेखरच्या पुढून गेली, वापस आली, चावी टांगली. मंग टाकीपाशी उभी राहून गिलासभर पानी प्याली. साऱ्याजनीचे हात दाळीत थांबले होते.

मी उठली. मले तान नव्हती, तरी मी बी प्याली.

अशीच येत राह्य, कागदानं का होईना.
तुही आत्या, मैना