तिसऱ्या हाकेच्या आत

प्रिय धाकट्या,

पत्र बघून हसशील. हिला बोलायला तोंड कमी पडलं की काय, म्हणशील. लहानपणापासून तू मला भोंगा म्हणत आलास, आणि कोर्टात नावं पुकारायची नोकरी लागली तेव्हा भोंग्याला सरकारी पगार मिळाला म्हणून गल्लीभर सांगत फिरलास. पण हल्ली तो भोंगा माझ्या ताब्यात नाही. दारावर नुसती टकटक झाली तरी तो आपोआप वाजायला लागतो. परवा शेजारीण साखर मागायला आली, तर दार उघडायच्या आधी मी मोरीतला नळ सोडला, रेडिओ मोठा केला आणि दारातच तिच्याशी इतकं बोलत सुटले, की बिचारी साखर न घेताच परत गेली. पावही आता दूरच्या दुकानातून आणते. नेहमीच्या दुकानदाराने एकटीला एवढा पाव लागतो का म्हणून गमतीने विचारलं, तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

तुझ्या तारखेला काय झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तुझं नाव मीच पुकारलं. आज दुसऱ्या कुणाला दाराशी उभं करू का, असं कारकुनांनी हळूच विचारलं होतं. मी नको म्हटलं. तू येशील याची मला खात्री होती. गॅरेजमधली ती मारामारी, मालकाचा पडलेला दात आणि एक फुटलेली काच, यात असं होतं तरी काय? जामीन मिळाला होता, तडजोडीची बोलणी चालू होती, तुला फक्त तारखेला येऊन उभं राहायचं होतं. पहिली हाक मी नेहमीच्या आवाजात मारली. दुसरी जिन्याकडे बघत मारली. तिसरी इतक्या जोरात, की शेजारच्या कोर्टातले लोक बाहेर डोकावले. मग न्यायाधीश मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि तुझ्या नावाचं पकड वॉरंट निघालं.

मला तेव्हा आई आठवली. ती जिन्यात उभी राहून जेवायला हाक मारायची आणि पहिल्या दोन हाकांना तू ढिम्म हलायचा नाहीस. तिसरीला कुठूनतरी ओ यायची. याचे कान तिसऱ्या हाकेलाच उघडतात, म्हणायची ती. तुला टोचून घ्यायचं होतं तेव्हा तू कपाटात रजयांच्या मागे जाऊन बसलास, आठवतं? सुईची भीती कधीच गेली होती, पण एवढा वेळ लपलो म्हणून आता मार बसेल, या भीतीने तू आणखी लपून राहिलास. तू अजून तसाच आहेस रे. मला तुझा राग येतो, आणि राग संपायच्या आत तुझी काळजी वाटायला लागते.

दाराशी उभं राहून मी खूप बघितलंय. मध्यंतरी एक रंगारी तारीख चुकवून पळाला होता. एके दिवशी तो स्वतःच्या पायांनी आला, बायको आजारी होती म्हणाला. मॅडमनी त्याची चांगली खरडपट्टी काढली, दंड केला, पण वॉरंट रद्द केलं आणि दर आठवड्याला चौकीत हजेरी द्यायला सांगून घरी जाऊ दिलं. त्याच महिन्यात एका ड्रायव्हरला पोलिसांनी धरून आणलं. कारणही तसंच, आजारी बायकोचं. त्याला सरळ आत पाठवलं, वर पळाल्याचा वेगळा गुन्हा. आणि तो एक पोरगेला माणूस, आवारातून शिपायाच्या हाताला हिसडा देऊन पळालेला! चोरीतून तो निर्दोष सुटला. पळाल्याबद्दल मात्र अजून आत आहे. तुझ्या बाबतीत मॅडम काय करतील हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सोडतीलच, असं खोटं वचन तुला देणार नाही.

आता बाबांचं सांगते. तुला जामीन ते राहिले होते, म्हणून उद्या त्यांना बोलावलंय. मुलगा कुठे आहे, असं शपथेवर विचारणार. काल फोनवर मला विचारत होते, उत्तर उभं राहून द्यायचं की बसून? शर्टाला स्वतःच इस्त्री केली म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, आता मात्र उद्या किती वाजता निघायचं ते मला दोनदा विचारलं. ते म्हणाले, मला ठाऊकच नाही, मग मी घाबरू कशाला? मी वेळेवर जेवून घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. मला नोकरीची भीती वाटते, तुरुंगाची वाटते. पण सगळ्यांत जास्त भीती याची वाटते, की माहीत नाही म्हणताना ते धीरासाठी दाराकडे, माझ्याकडे बघतील.

रविवारची दुपार आहे. तू आतल्या खोलीत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुलाच पत्र लिहिते आहे. तोंडाने बोलायला गेले की तू उशी डोक्यावर घेतोस. काल तर पळून जायला खिडकीची कडी काढलीस. म्हणून हे. उद्या सकाळी हा कागद तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवून मी कामाला जाईन. घर रिकामं वाटावं म्हणून रोज तुला आत ठेवून बाहेरून कुलूप लावते, ते उद्या लावणार नाही. पिशवीत घालून नेईन. पोलिसांना मी काही सांगितलेलं नाही. वकीलसाहेब कोर्टाच्या फाटकाशी थांबतील, तुझा निळा शर्ट खुर्चीवर ठेवलाय. बाबांच्या आधी तुझं नाव येईल. पहिली हाक मारीन, दुसरी मारीन. तिसरीच्या आधी जरा थांबेन, मग मॅडम रागावल्या तरी चालेल. तेवढ्यात ओ दे. नाही आलास, तर तिसरी हाक मारून मी आत जाईन आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत तू कुठे होतास ते मीच सांगेन.

जिन्याकडे डोळे लावून उभी असलेली,
तुझीच
ताई