गरम दुधातली पावडर

अहो,

मी सानूला घेऊन पोशीरला आईकडे चाललेय. ड्युटीवर तुमचा फोन गेटवर जमा असतो, म्हणून ही चिठ्ठी. आमटी झाकून ठेवलीय, भात तेवढा लावा.

सकाळी तिला पुन्हा दम लागला. दम्याचा पंप द्यायला गेले तर म्हणते, "पप्पांनी बंद केलाय, आता पावडर आहे ना!" तरी पंप दिला, तेव्हा शांत झाली.

पावडरीत दह्यात असतात तसले चांगले जंतू आहेत. डॉक्टर काय म्हणाले होते? अ‍ॅलर्जीला झाला तर थोडा फायदा होईल, पण पंप सोडायचा नाही. आणि तुम्ही ती उकळत्या दुधात ढवळता! जंतू जगणार कसे?

कंपनीचे कपडे घराबाहेरच काढा, त्यांतल्या केमिकलच्या वासाने तिला दम लागतो, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते तुम्हाला ऐकूच आलं नाही. पावडरीनेच तिला बरं वाटलं, की कंपनीचं नाव काढायला नको, असंच ना?

काल तुम्ही आलात तेव्हा सानू नाक दाबून दारामागे उभी होती. तुम्हाला वाटलं लपाछपी खेळतेय, आणि तशाच कपड्यांत तिला उचलून घेतलंत.

अक्षदा