दोन पुरुष पाणी

४ जानेवारी २००३
वर्धा रोडवरचा प्लॉट एकदाचा विकला. हे दुकानातून लवकर आले, पेढे घेऊन. स्वारी भलतीच खुशीत. मी भाकरी थापत होते. म्हणाले, "आता तुले काय पाह्यजे ते सांग. पाटल्या सांग, गोठ सांग. आज नाई म्हनत नाई."
तोंडातून निघूनच गेलं, "मले पोहाले पाह्यजे."
"पोहे? आता? सकायीच त झाले!"
हसू आवरेना. पोहे नाही हो, पोहणं. मागच्या वाडीत, संत्र्यांच्या अलीकडे, पोहायचा हौद बांधा. ह्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "तुले पोहता येते?" लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन नातवंडं झाली, आणि हा प्रश्न आज. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या मनातला रंग ओळखणारा माणूस.
नाही म्हणाले नाहीत. आज एवढंच पुरे.

९ जानेवारी
झोप उडाली आहे. डोळे मिटले की माहेरची, रोहण्याच्या मळ्यातली विहीर. वरच्या दगडावरून सूर. आधी गरम पाणी, मग थंड, मग कान दुखेपर्यंत थंड. तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, त्याशिवाय पोरं खरं मानत नसत. माझी मूठ कधी रिकामी आली नाही.
तेराव्या वर्षी आई म्हणाली, उद्यापासून विहिरीवर जायचं नाही. शहाणी झालीस. धाकटा भाऊ जात राहिला. मी ओसरीत तुरी निवडत बसायची, आणि मळ्यातून धप्प आवाज यायचा. एकेक उडी मोजायची. राग अजून गेला नाही. आईवर नाही. त्या आवाजावर.
आज मोरीत बादलीत तोंड बुडवून श्वास धरून पाहिला. फार टिकत नाही. या वयात बादलीत तोंड घालून बसलेली बाई कुणी पाहिली असती तर!

१५ जानेवारी
सचिनचा पुण्याहून फोन. ह्यांनीच सांगितलेलं दिसतंय. "आई, भारी आयडिया! सुट्टीत पोरं बाहेरच निघणार नाहीत. साडेतीन फूट ठेवा, सेफ असतं."
मी "हो हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. काऊन हो म्हणाले? पोरांना पोहायला मिळावं हेही खरंच आहे. पण हे मी मागितलं होतं. मी.

२२ जानेवारी
नागपूरच्या कंपनीचा इंजिनियर आला (पुढे नुसतं ना. लिहीन). कोवळा पोरगा, टाय लावलेला, संत्र्याच्या काट्यात बाही अडकवून घेतली. फोटोंचा अल्बम दाखवला. निळ्या फरश्या, स्टीलची शिडी, पाण्याखाली दिवे. दोन प्रकार आहेत: एक सिमेंट-सळ्यांचा, जागेवर बांधायचा. दुसरा फायबरचा तयार, ट्रकवर येतो, खड्ड्यात नुसता ठेवायचा. ह्यांना फायबरचा आवडला. कटकट नाही, बांधकामाची धूळ नाही.
पोराने विचारलं, "कोण कोण पोहणार?" विचारलं ह्यांच्याकडे पाहून. हे म्हणाले, "नातवंडं येतेत सुट्टीत." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, "दोन पुरुष पाणी ठेवा."
त्याने मान डोलावली, लिहून घेतलं. किती सोपं होतं! उगाच घाबरत होते. दिवसभर गुणगुणत काम केलं.

३ फेब्रुवारी
ना.चं कोटेशन कुरियरने आलं. टाइप केलेलं, कंपनीचा शिक्का. खोली चार फूट. कपडे बदलायची खोली, 'जेन्ट्स'. आणि वर स्वच्छ अक्षरांत: वापरणारे: पुरुष २. स्त्रिया: निरंक.
मी एवढी हसले की पदर तोंडाला लावावा लागला. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, चेहरा गंभीर. "हे दोन पुरुस कोन?"
आता काय सांगावं! मळ्यात वाढलेल्याला विचारा. विहिरीचं पाणी पुरुषात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस, तो एक पुरुष. दोन पुरुष म्हणजे तसा दुसरा त्याच्या वर. त्या टायवाल्याने कधी विहीर पाहिली असेल तर! आणि हे आर्वीच्या बाजारातले, ह्यांचं सगळं मीटरमध्ये. समजल्यावर हेही हसले. खूप दिवसांनी दोघं मिळून असे हसलो.
मग कागद पुन्हा हातात घेतला. स्त्रिया: निरंक. उलटा करून ठेवला. दुपारी जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
गुलाब मिस्त्री येऊन गेला. आमच्या दुकानाचं वरचं बांधकाम त्याचंच. त्याला पुरुष म्हणजे किती ते सांगायची गरज पडली नाही, पण ऐकून घेणं त्याच्या स्वभावात नाही. "काकू, एवढं खोल त विहीरच होते. हौद नाई राह्यत." मग वाडीत फिरून आला आणि विचारतो, "कपडे धुवाचा दगड कोन्या बाजूले बसवू?" नको म्हटलं. तर म्हणे, "बसवून ठेवतो. बाईमानसाच्या घरात लागतेच."
फिल्टर म्हटलं की झटकून टाकतो. पाणी झाडांना सोडा, नवं भरा. भाव मात्र ना.च्या निम्म्याहून कमी. हे लगेच त्याच्याकडे झुकले. भाव ऐकला की दुकानदार जागा होतो.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या वहिनी कढीपत्ता न्यायला आल्या, जाताना म्हणाल्या, "नळाले दिवसाआड पानी, अन् तुमाले पोहाले पाह्यजे म्हनते. मज्जा आहे बाप्पा!" हसत म्हणाल्या, पण लागलं. लागायलाच हवं होतं. विहीर आपली आहे, तरी मे महिन्यात तीही तळ दाखवते. दर आठवड्याला हौद रिकामा करायचा हे मला जमणार नाही.
दुकानाच्या फोनवरून मीच ना.ला फोन लावला. वाळूचा मोठा फिल्टर बसवला तर तेच पाणी किती टिकतं? "अख्खा सीझन, काकू. नीट सांभाळलं तर पुढचाही." मग ठरवलं: खोदणं-बांधणं मिस्त्रीचं, फिल्टर आणि पंप ना.चा. ना. म्हणतो, दुसऱ्याच्या बांधकामाची गॅरंटी आम्ही घेत नाही. मिस्त्री म्हणतो, त्याची मशीन माह्या भिंतीले भोक पाडन. दोघांना समोरासमोर बसवावं लागणार. सोयरीक जमवणं यापेक्षा सोपं.
फिल्टर ठरला. खोलीवर कुणी बोलतच नाही.

२१ फेब्रुवारी
रोहण्याला जाऊन आले, सकाळच्या एसटीने. भावाला सांगितलं, सहज आले. विहीर आहे. तोंडावर लोखंडी जाळी, मोटरचे पाइप. अर्ध्या बाजूची जाळी काढून पायऱ्या उतरले. भाऊ वरून ओरडतो, "ताई, काऊन उतरली तू? पाय घसरन ना!"
शेवटच्या पायरीवर बसले. चपला काढून पाय सोडले. पाणी गुडघ्याला आलं, आणि काय सांगू, रडूच फुटलं. भावाला वाटलं, पडले. तो धावत खाली आला. "लागलं का?" नाही म्हटलं. "मग?" काय सांगणार होते? तो चाळीस वर्षं इथे हवं तेव्हा उतरला. त्याला ते कधी हवंहवंसं वाटायची वेळच आली नाही.
उतरावं का पूर्ण? साडीसकट? मनात आलं. भाऊ उभा होता. नाही उतरले. एसटीत पूर्ण वाट ओले काठ पायाला लागत होते. बरं वाटत होतं.

१ मार्च
भांडण. हे एकदम फायबरवर आले. तयार हौद, चार फूट, विषय संपला म्हणे. एवढे दिवस मिस्त्रीची निम्मी किंमत, आणि आज एकाएकी दुप्पट भावाचा फायबर! मी म्हटलं, चार फुटात मी पोहणार नाही, चालणार. रस्त्यावर चालत नाही का रोज?
"चार फूटच. त्याच्या खाली नाई."
"काऊन पण?"
ह्यांनी चपला घातल्या, दुकानात गेले. डबाही नेला नाही. मीही पाठवला नाही. मनात आलं, त्या पाटल्याच मागायला हव्या होत्या. हातात घालून गप्प बसले असते. पण नको, तेही खोटंच.

७ मार्च
सहा दिवस कामापुरतं बोलणं. आज दुकानाची सुट्टी. दुपारी ह्यांना वाढत होते, पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाले, ताटाकडे बघत: "चार फुटात मी उभा राहू शकतो. तुले काई झालं त ओढून काढता येते. दोन पुरुसात मी काय करू? काठावर उभा राहून बोंबलू?"
मी वरण घेऊन तशीच उभी.
मला वाटलं होतं लोकलाज. पैसा. हट्ट. दुकानदारी. सगळं वाटलं होतं, हे सोडून. ह्यांनी माझ्या माहेरची विहीर लग्नात लांबून पाहिली होती म्हणाले, तेव्हाही जवळ गेले नव्हते. पाण्याची भीती वाटते म्हणाले. कुणाला सांगितलं नाही कधी. मलाही नाही.
मला पोहता येतं हे ह्यांना माहीत नव्हतं म्हणून मी जानेवारीत केवढी फुरंगटले होते.
वरण गार झालं. पुन्हा गरम करून वाढलं.

११ मार्च
मिस्त्रीने चुन्याने आखून दिलं. ना. आला होता, आज टाय नव्हता. पंपाची जागा दोघांनी भांडून का होईना ठरवली. मिस्त्री विचारतो, "किती खोल जाऊ?" आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि दोघंही थांबलो. मग हे म्हणाले, "खनाले सुरू त कर. किती थे सांगतो."
संध्याकाळी विचारलं, "मी शिकवू तुमाले?"
पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. जेवताना मात्र, भाताच्या वेळी: "नाकात पानी गेलं त काय करतेत?"
"शिंकरायचं. अन् पुन्हा जायचं."
"हं."

१४ मार्च
खड्डा गुडघाभर झाला. काळी माती, खाली मुरूम लागेल म्हणतो मिस्त्री. काठावर उभी राहून पाहत होते, खोदकामावरच्या बायांना वाटलं मी लक्ष ठेवते आहे. ठेवत नव्हते. तिथे पाणी दिसत होतं.
मी काय घालून उतरणार ते अजून ठरत नाही. दुपारी कपाट आवरताना ह्यांची जुनी हाफपँट सापडली, सकाळी फिरायला जात तेव्हाची. इलॅस्टिक गेलेलं. नवी नाडी ओवली, मोरीच्या दाराशी ह्यांना दिसेल अशी खुंटीला लावून ठेवली.
दिवे लावताना पाहिलं, खुंटीवर नव्हती.