रिकाम्या बोटीचं शीड

हरेशच्या आजोबांना,

काशीचा पाया पडून नमस्कार. गुडघे वाकत नायत, तेव्हा इथूनच मानून घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाय, म्हणून नातसुनेकडून, भाविकाकडून, लिहून घेते.

गोव्यात सगळं बरं हाय. मी जरा दमलेय, एवढंच. डोळ्यांत थेंब घालता ना? जेवताना वरून मीठ घेत नाय ना?

हरेशने शिडाची छोटी बोट घेतलीय. पुढच्या बाजूला लावायला दुकानदाराने दोन शिडं बघायला दिलीत, एक मोठं, एक लहान. त्यातलं एक ठेवायचं. हा म्हणतो, "मोठंच. आजोबा मोठ्या शिडावर मुंबई गाठायचे."

मी म्हटलं, "बाबा, त्यांच्या मचव्यात मीठ भरलेलं असायचं, म्हणून तो दबून चालायचा. तुझ्या बोटीत काय, तू आणि तुझी ऐट?"

हसला. आजीला शिडातलं काय कळतंय!

रिकामा मचवा मोठ्या शिडावर हाकलात आणि धरमतरच्या खाडीत कलंडलात, ते नातवाला कधी सांगितलं नाय तुम्ही. आता सांगा. तुमच्याच हाताने लिहा. पुनवेला तो भाविकाला घेऊन समुद्रात जाणार, आणि या लिहिणारीला पोहता येत नाय.

तोवर मोठं शीड मी माझ्या अंथरुणाखाली घातलंय. तीन दिवस त्याच्यावरच निजते. लई टोचतं, कंबर धरलीय. उत्तराला उशीर करू नका.

शीड राखत बसलेली,
तुमची काशी